मनगटी घड्याळं: आजवर किती झाली आणि जीव कोणावर?

जुना_कारकून | शनिवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी,

काल माळा आवरायला घेतला. (बायकोने घ्यायला लावला, असं वाचावं.) श्रीखंडाचा एक जुना प्लास्टिकचा डबा हाताला लागला. आत पाच घड्याळं, सगळी बंद आणि प्रत्येकात वेगळेच वाजलेले.

पहिलं एचएमटी पायलट. काळी तबकडी, पांढरे आकडे, किल्लीचं. १९८१ साली माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा वडिलांनी दुकानात न नेता स्वतःच्या मनगटावरचं काढून मला बांधलं. माझं मनगट म्हणजे काडी, त्यामुळे पट्ट्याला दाभणाने आणखी दोन भोकं पाडावी लागली. पुढचं वर्षभर वडील समोरच्यांच्या भिंतीवरचं घड्याळ खिडकीतून बघून कामावर निघत. हे मला तेव्हा कळलं नाही, आईने खूप नंतर सांगितलं.

दुसरं एचएमटीचंच कांचन, लग्नातलं. तिसरं टायटन, पहिल्या बढतीनंतर स्वतःच्या पैशाने घेतलेलं. चौथं निवृत्तीच्या समारंभात मिळालं. त्याच्या तबकडीवर ऑफिसचं बोधचिन्ह आहे, त्यामुळे ते हातात घातलं की सही करायची राहिलीय असं वाटत राहतं. पाचवं कोणाचं, कुठून आलं, काही म्हणजे काही आठवत नाही.

तर प्रश्न दोन. एक, तुमची आजवरची घड्याळं सांगा आणि त्यातलं लाडकं कोणतं तेही सांगा. दोन, पायलट मी मध्यंतरी ऑयलिंग करून घेतलं होतं. चालू झालं, पण आठवड्याभरात दिवसाला वीस मिनिटं पुढे जायला लागलं. दोनदा दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो म्हणतो, "काका, मशीन म्हातारं झालं." अहो, म्हातारं झालं तर हळू व्हायला हवं ना? हे पळतंय! शेवटी कंटाळून डब्यात टाकलं होतं. आता पुन्हा काढून किल्ली दिली आहे. रात्री उशाशी भजनाच्या स्पीकरवर काढून ठेवतो आणि सकाळी बघतो, तर हे महाशय माझ्याआधी उठलेले.

दीडशहाणा | शनिवार, रात्री ९.२०

शीर्षकात घड्याळ दिसलं म्हणून राजकारणाचा धागा समजून आलो होतो. पॉपकॉर्न परत नेतो.

घाटावरची | शनिवार, रात्री ९.४८

छान धागा. समोरच्यांच्या भिंतीवरचं घड्याळ वाचून थांबले जरा.

आमच्याकडे दहावीला भावाला घड्याळ मिळालं, मला ड्रेस. त्याला ६२ टक्के होते, मला ७८. हा हिशोब अजून बाकी आहे, असं मी दर भाऊबीजेला त्याला ऐकवते.

माझं पहिलं घड्याळ नर्सिंगला असताना स्टायपेंडमधून घेतलं. तेव्हा दुकानदार बायकांसाठी म्हणून जे काढायचा ते नखाएवढं, सोनेरी बांगडीतलं, सेकंद काट्याचा पत्ता नाही. मी म्हटलं, मला नाडी मोजायची आहे हो! तीस सेकंद मोजून दुप्पट करायचे, तर सेकंद काटा नको? शेवटी मुलांचं टायटन घेतलं. मैत्रिणी हसायच्या, पण रात्रपाळीला माझंच घड्याळ मागायला यायच्या. वॉर्डात मनगटावर काही घालायचं नसे, म्हणून पट्टा काढून सेफ्टी पिनने खिशाला उलटं लटकवायचे, म्हणजे मान खाली घातली की मला सुलटं दिसायचं. तेवीस वर्षं चाललं. काचेवर स्पिरिटचे डाग पडले, सेल किती बदलले त्याची गणती नाही.

लाडकं तेच. नंतर मुलाने महागातलं आणून दिलंय, ते लग्नाकार्यात घालते.

लोलक | शनिवार, रात्री १०.०५

जुना_कारकून, तुमची शंका अगदी बरोबर आहे. तेल सुकलेलं, घाण साठलेलं घड्याळ मागे पडतं नाहीतर थांबतं. एकदम वीस मिनिटं पुढे पळणं हा म्हातारपणाचा आजार नव्हे.

दोन शक्यता. एक, ऑयलिंग करताना बॅलन्सच्या, म्हणजे आत मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, केसासारख्या स्प्रिंगला तेल लागलंय. दुसरी, घड्याळाला चुंबकत्व आलंय. दोन्हींत होतं एकच, त्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात. चिकटली की स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्सचं चाक भराभर झुलायला लागतं. पायलट सेकंदाला पाच ठोके देतं. ते जरा जास्त द्यायला लागलं की दिवसाअखेर झाली तुमची वीस मिनिटं.

आणि तुम्ही घड्याळ रात्रभर स्पीकरवर ठेवता? स्पीकरच्या पोटात काय असतं, आठवून बघा.

साधी परीक्षा सांगतो. शाळेच्या कंपासपेटीतलं नव्हे, दिशा दाखवणारं होकायंत्र घ्या. टेबलावर ठेवा आणि घड्याळ त्याच्या शेजारून हळूहळू फिरवा. सुई घड्याळामागे गिरक्या घ्यायला लागली तर निदान पक्कं.

जुना_कारकून | शनिवार, रात्री १०.११

अरे देवा. स्पीकर बायकोचा आहे. हे तिला सांगायचं कसं, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

कर्जत_लोकल | शनिवार, रात्री ११.३०

बावीस वर्षांच्या नोकरीत दोनच घड्याळं, दोन्ही सोनाटा. मुंबईच्या गर्दीत त्याहून महागाचं घालायची छाती नाही.

आमच्या घरचा नियम म्हणजे घड्याळ सहा मिनिटं पुढे. का, तर लोकल चुकू नये. पण डोक्याला माहीत असतं ना सहा मिनिटं हातात आहेत ते. सात अठराच्या गाडीसाठी घड्याळात सात चोवीस होईपर्यंत मी चहा पीत असे. एकदा बायकोने न सांगता आणखी चार मिनिटं पुढे केलं. आठवडाभर मला रोज खिडकी मिळाली आणि का मिळतेय ते कळेना. कळलं त्या दिवसापासून पुन्हा उभ्याने.

पंचांगवाले | रविवार, सकाळी ७.०२

कर्जत_लोकल, तुम्ही सहा मिनिटं पुढे ठेवता, पण अख्खी मुंबई एकेकाळी ३९ मिनिटं मागे होती. १ जानेवारी १९०६ पासून सध्याची प्रमाणवेळ, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची, लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ होती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. लोकांनी आपल्या सूर्याची वेळ काही पटकन सोडली नाही. मुंबई वेळ पूर्णपणे जायला १९५५ साल उजाडलं. तोवर कोणी किती वाजले सांगितलं तर, कोणत्या वेळेने, असा प्रतिप्रश्न करायला वाव होता.

कर्जत_लोकल | रविवार, सकाळी ७.४५

म्हणजे मस्टरवर लेटमार्क पडला तर "साहेब, मी मुंबई वेळेने आलोय" म्हणता आलं असतं. फार उशिरा जन्मलो.

रंकाळा_कट्टा | रविवार, सकाळी ९.३३

कांचनचं नाव निघालं म्हणून लिवतो. आमच्या आत्तीच्या लग्नात नवरदेव मांडवात रुसून बसला. ठरलं हुतं कांचन, आणि आमच्या आजोबांनी आणलं सोना. कांचन मिळतच न्हवतं हो, दुकानदार वर ज्यादा पैसे मागायचा आणि तरी म्हनायचा, म्होरच्या महिन्यात बघू. पाव्हणं काय ऐकंनात. कांचन आपोआप चालतंय, वार-तारीख दावतंय, आमच्या गावात सगळ्या जावयांकडं हाय, ह्येच लावलं.

आमचा थोरला चुलता डोकेबाज. नवरदेवाच्या कानाला लागून म्हनला, "अवो कांचन म्हंजी काय? सोनंच की. नाव तेवढं शुद्ध मराठीत हाय. हे बघा, हितं सरळ सोना लिवलंय." नवरदेव उठला आणि अक्षता पडल्या.

मामा अजून हाईत, त्ये सोना पण हाय. किल्ली द्यायची असती हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

चाफेकळी | रविवार, सकाळी ९.५०

रंकाळा_कट्टा, चहा सांडला की हो कीबोर्डवर!

बेएरियातला_बंड्या | रविवार, सकाळी १०.१५

थोडं थंड पाणी ओततो, हलकेच घ्या.

एचएमटीबद्दल इतकं भरून यायचं कारण मला समजत नाही. घड्याळासाठी वशिला लावायचा, दुकानदाराने उपकार केल्यासारखं द्यायचं, यात गोड काय आहे? पर्यायच नव्हते म्हणून सगळ्यांकडे एचएमटी होतं. टायटन आलं आणि तीन-चार वर्षांत लोकांनी तिकडे मोर्चा वळवला. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीच्या घड्याळांचं काम गुंडाळायचं ठरवलं तेव्हा रडणाऱ्यांपैकी किती जणांनी आधीच्या दहा वर्षांत त्यांचं एक तरी घड्याळ विकत घेतलं होतं?

माझं लाडकं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. १९८९ पासून तसंच्या तसं बनतंय. २१ ग्रॅम वजन, सेल सात वर्षं. इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांत तेच, पहिल्या नोकरीत तेच, इथे आलो तेव्हाही तेच. आता मनगटावर झोपेचे तास मोजणारं चौकोनी यंत्र असतं, पण ते रोज रात्री चार्जिंगला लावायचं म्हणजे आम्ही पुन्हा किल्लीवरच आलो म्हणा.

लोलक | रविवार, सकाळी १०.४०

बंड्या, वशिल्याचं खरं आहे, नाकारणार नाही. पण "पर्याय नव्हते म्हणून" एवढ्यावर सोडू नका. बंगळुरूचा तो कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने उभा राहिला, आणि ज्या देशात मनगटी घड्याळ म्हणजे एकतर स्विस नाहीतर चोरवाटेने आलेलं, तिथे शिक्षकाच्या, पोस्टमनच्या हातात घड्याळ आलं. पहिल्या मॉडेलांतल्या एकाचं नावच जनता. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी, काच उघडून काटे चाचपता येतील असं ब्रेल घड्याळही त्यांनी काढलं होतं.

टायटनने डाव बरोबर टाकला तो क्वार्ट्झवर, म्हणजे सेलवरच्या घड्याळांवर. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटेल, पण तो पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक उरतो. तो एक म्हणजे सेकंद काट्याची एक उडी. याच्यापुढे किल्लीचं घड्याळ अचूकतेत हरणारच, मीच म्हणतो.

बेएरियातला_बंड्या | रविवार, सकाळी १०.५२

मग झालं तर! हरतं ते कशाला बाळगायचं? रोज किल्ली देणं म्हणजे गॅस असताना चूल पेटवून चहा करण्यासारखं आहे.

रंकाळा_कट्टा | रविवार, सकाळी १०.५५

चुलीवरच्या चहाला चव असती गड्या.

दीडशहाणा | रविवार, सकाळी ११.०१

धाग्याचं काश्मीर व्हायला सुरुवात. पॉपकॉर्न परत आणतो.

अवांतर प्रश्न. घड्याळावर १७ ज्वेल लिहिलेलं असतं ती खरंच माणकं असतात का? डब्यात आमच्या आजोबांची तीन घड्याळं आहेत, म्हणजे ५१ माणकं. फ्लॅटचं डाऊन पेमेंट निघेल?

लोलक | रविवार, सकाळी ११.०८

माणकंच, पण कारखान्यात बनवलेली. चाकांच्या बारीक टोकांना धातूवर झिजू देण्याऐवजी कठीण खड्यात फिरू देतात, एवढाच उपयोग. ५१ मिळून कटिंग चहा येईल. चुलीवरचा.

ओल्या_काजूची_उसळ | रविवार, दुपारी २.२०

जेवण झालं, आता निवांत लिहिते.

आमचं रत्नागिरीकडचं गाव. काका मस्कतला होते. येताना प्रत्येकासाठी काहीतरी आणत आणि आजोबांसाठी एकदा आणलं सायको फाइव्ह. (उच्चार आमच्याकडे सायकोच. सेइको म्हणणारा मला कॉलेजात पहिल्यांदा भेटला.) हलवलं की चालतं, किल्ली नको, यावर आजोबांचा विश्वास बसेना. सुरुवातीचे चार दिवस ते झोपताना हात पाळण्यासारखा हलवत.

त्यात वार यायचा तो अरबीत. आखातातल्या बाजारासाठी केलेलं म्हणून वाराच्या चकतीवर दोन भाषा, अरबी आणि इंग्रजी. काकांनी दुकानात जसं होतं तसं दिलं. आता आजोबांना शनिवारचा उपास. घड्याळात वार आहे, पण वाचता येत नाही. मग त्यांनी काय करावं? शेजारच्या मोहल्ल्यातल्या मित्राला रोज सकाळी आवाज देऊन विचारायचे, "आज कसला वार लिहिलाय?" तो वाचून सांगायचा. भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं, बरं का! पण त्याची बात नाही, घड्याळात काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

सहा-सात वर्षांनी माझ्या आतेभावाने चावी नुसती आणखी थोडी फिरवली आणि इंग्रजी वार आला. आजोबा खूश झाले, पण मित्राकडे सकाळचा आवाज देणं काही बंद झालं नाही. वार न विचारता नुसतं "काय रे" म्हणायचे.

घड्याळ आता माझ्याकडे आहे. दिवसाला दोनेक मिनिटं इकडेतिकडे होतं. वार मी परत अरबीवर आणून ठेवलाय.

मांडवीकाठ | रविवार, दुपारी ३.४०

सुंदर प्रतिसाद. आमच्या गोव्यात पोर्तुगीज अमदानीत परदेशी माल मुबलक, त्यामुळे आजोबांकडे तेव्हापासूनचं स्विस फावर-लुबा होतं. मुक्तीनंतर आलेल्या पाहुण्यांना ते मुद्दाम बाही वर करून वेळ सांगत. वेळ विचारलेली नसली तरी.

नागपुरी_तर्री | रविवार, सायंकाळी ६.१५

आता माझी फजिती ऐका ना भाऊ. हे असले धागे वाचून वाचून मलेबी वाटलं, आपल्याकडे एक जुनं एचएमटी पाहिजे. ऑनलाइन पाहून राहिलो होतो, तर एकदम चकाचक पायलट दिसलं. भगवी तबकडी! अठराशे रुपये. दिले न बे.

आलं तर मस्त टिकटिक करून राहिलं. आमच्या सीताबर्डीतल्या ओळखीच्या घड्याळवाल्याले दाखवलं तर तो डोळ्यावरचं भिंग काढून हसायलाच लागला. म्हणे मशीन एचएमटीचं, तबकडी घरी रंगवलेली, काटे तिसऱ्याच घड्याळाचे, आणि केस इतकी घासलेली की कडाच राहिल्या नाहीत. असल्या जोडतोडीच्या मालाले बाहेरचे शौकीन लोक मुंबई स्पेशल म्हणतात म्हणे.

घेणाऱ्यांनी पाहून घ्या. अक्षरं जाड अन् फुटलेली दिसली, पन्नास वर्षांचं घड्याळ अन् तबकडी कालच्यासारखी कोरी दिसली, तर समजून जायचं. मी मात्र भगवं घालूनच फिरून राहिलो. पैसे गेले तर गेले, रंग आवडला.

चाफेकळी | रविवार, रात्री ८.०५

माझं फार काही नाही. एकदा ३० मीटर वॉटर रेझिस्टंट वाचून घड्याळासकट तारकर्लीला समुद्रात उतरले. बाहेर आले तेव्हा काचेखाली भरती आलेली. नंतर कळलं की ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे, पोहणं नव्हे. मग मीटर कशाला लिहितात मेले?

घाटावरची | रविवार, रात्री ८.३०

+१. आणि कोणी सांगितलेलं नाही म्हणून सांगते, सेकंद काटा एकदम दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांची उडी मारायला लागला तर बऱ्याच क्वार्ट्झ घड्याळांत ते बिघडल्याचं नव्हे, सेल संपत आल्याचं लक्षण असतं. एका दुकानात मशीन बदलावं लागेल म्हणून माझ्याकडून साडेचारशे मागितले होते. दुसऱ्याने पन्नासात सेल घालून दिला.

जुना_कारकून | पुढचा शनिवार, सायंकाळी ७.२५

मंडळी, अहवाल देतो.

नातवाच्या ट्रेकिंगच्या सामानातून होकायंत्र घेतलं आणि लोलक यांनी सांगितल्याप्रमाणे घड्याळ शेजारून फिरवलं. सुई पिंगा घालायला लागली. नातू म्हणाला, आजोबा तुमच्या घड्याळात उत्तर दिशा आहे.

मग आधीच्या दुरुस्तीवाल्याचा नाद सोडला आणि पेठेतल्या एका जुन्या घड्याळजींकडे गेलो. जिन्याखालचं दुकान, वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांनी ऐकून घेतलं, एक छोटी निळी डबी काढली, घड्याळ त्यावर धरलं, बटण दाबलं आणि हळूच वर उचललं. झालं. दहा सेकंदही लागले नसतील. पैसे विचारले तर म्हणाले, याचे कसले पैसे?

आनंदाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर पंधरा मिनिटं मागे!

पुन्हा त्यांच्याकडे. त्यांनी झाकण उघडलं, भिंगातून पाहिलं आणि मलाही बघायला दिलं. आत वेग कमीजास्त करायची एक इवलीशी दांडी असते. आधीच्या माणसाने पळणारं घड्याळ आवरायला ती पार उणेच्या टोकाला नेऊन ठेवली होती. चुंबक गेलं, दांडी मात्र तिथेच. घड्याळजी म्हणाले, "ताप मोजायचा सोडून याने पेशंटला बर्फात ठेवलं होतं." दांडी मध्यावर आणली, तीन दिवस स्वतःकडे ठेवून घेतलं. आज आणलं. दिवसाला मिनिटभराच्या आत आहे.

स्पीकरचं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग घड्याळ दुसरीकडे ठेवा." स्पीकर जागचा हललेला नाही.

लोलक | शनिवार, सायंकाळी ७.४०

वा! रोज सकाळी एकाच वेळी किल्ली देत जा, घट्ट लागली की थांबा. आणि ते घड्याळजी कुठे बसतात ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझी दोन घड्याळं पडून आहेत.

बेएरियातला_बंड्या | शनिवार, रात्री ८.१०

अभिनंदन काका. माझं मत बदललेलं नाही. पण परवा आईशी बोलताना सहज विचारलं, तर बाबांचं जनता तिच्या कपाटात आहे म्हणाली. डिसेंबरात येतोय तेव्हा बघेन. लोलक, मलाही पत्ता व्यनि करा.

रंकाळा_कट्टा | शनिवार, रात्री ८.१४

चूल पेटली म्हनायची.

घाटावरची | शनिवार, रात्री ८.३२

जुना_कारकून, त्या पाचव्या घड्याळाचं काय झालं? कोणाचं ते कळलं का?

जुना_कारकून | शनिवार, रात्री ९.०६

कळलं. बायकोला दाखवल्यावर तिने दोन सेकंदांत ओळखलं. आमच्या जुन्या चाळीत समोर राहणाऱ्यांचं. ज्यांच्या भिंतीवरचं घड्याळ वडील बघायचे तेच ते. १९९८ साली त्यांनी मला बँकेच्या वाटेवर ऑयलिंगला टाकायला दिलं होतं. मी टाकलं, आणलंही असावं, द्यायचं राहिलं. ते नंतर कोथरूडला राहायला गेले.

मुलाचा नंबर मिळवलाय. उद्या फोन करणार आहे. काय बोलायचं ते ठरत नाहीये.

दीडशहाणा | शनिवार, रात्री ९.०९

म्हणा, ऑयलिंग झालंय, घेऊन जा.